तुम्ही विचारलंत म्हणून : पेढे घेऊन मी आत का जात नाही

सांगलीच्या भावे नाट्यमंदिराच्या पायऱ्यांवर, तिकिटाच्या रांगेत, मध्यंतरात चहाचा कप हातात असताना, आणि परवा तर भाजी घेतानासुद्धा तोच प्रश्न. "नाटकाला येता, पेढ्यांचा पुडा हातात असतो, मग संपल्यावर आत कलाकारांना भेटायला का जात नाही? कुणाशी बिनसलंय का?" दर वेळी 'विश्रामबागला जायला उशिरा रिक्षा मिळत नाही' असं सांगून मी सुटते. रिक्षा मिळते. कुणाशी बिनसलेलंही नाही. आता एकदा सगळं सांगूनच टाकते.

नाटकावरचं माझं मन उडालं, असं मात्र समजू नका. तिसरी घंटा झाली, दिवे मंदावले, की आजही माझ्या पोटात लहानपणी व्हायचं तसंच होतं. नाट्यस्पर्धेचे दिवस सुरू झाले की संध्याकाळचा स्वयंपाक मी दुपारीच उरकते.

पेढ्यांची सवय बाबांची. ते हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. धुतलेल्या सदऱ्यालाही हळदीचा वास यायचा. पगार बेताचा, पण आम्हा भावंडांना नाटक चुकू द्यायचे नाहीत. मध्यंतरात भडंगाचा एक पुडा तिघांत, आणि नाटक संपल्यावर बाहेर येऊन नरसोबाच्या वाडीचा पेढा. खवा भाजून भाजून तपकिरी झालेला, दाताखाली रवाळ लागणारा. बाबा म्हणायचे, "आधी खा, मग बोल." पेढा तोंडात विरघळेपर्यंत कुणी काही बोलायचं नाही. मग चालता चालता त्यांचे दोन प्रश्न ठरलेले. "कुठं डोळा लागला? कुठं खोटं वाटलं?" 'छान होतं' हे उत्तर आमच्या घरी चालत नसे. मी नऊ वर्षांची असताना म्हटलं होतं की राजा रडत होता, पण मुकुट सांभाळत रडत होता. बाबा रस्त्यात थांबले आणि म्हणाले, "हे बरोबर पाहिलंस." त्या शाबासकीची चव मला अजून आठवते.

नोकरी लागल्यावर मी हौशी मंडळींच्या रंगपटात, म्हणजे रंगमंचामागच्या मेकअपच्या खोलीत, पुडा घेऊन जायला लागले. ही मुलं दिवसभर दुकानात, बँकेत, शाळेत राबतात, रात्री कुणाच्या तरी गच्चीवर तालीम करतात, दोन महिने खपून एक प्रयोग उभा करतात आणि पडदा पडला की नेपथ्याच्या फळ्या स्वतःच टेंपोत भरतात. त्यांच्यासाठी थांबणारं कुणी नसतं. मग मी थांबायची. एकेकाच्या रंग लागलेल्या हातावर पेढा ठेवायची आणि म्हणायची, "छान झालं हं." पेढेवाल्या काकू म्हणून मला सगळे ओळखायला लागले. मला ते फार आवडायचं. हे आज कबूल करायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच आवडण्यातून झालं.

२०१९ चा ऑगस्ट तुम्हाला सांगायला नको. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा भावाचं गावभागातलं घर बुडालं. भाऊ, वहिनी, भाचा आणि आई माझ्याकडे आले. दार मीच उघडलं. आई चिंब भिजलेली, आणि छातीशी टॉवेलात गुंडाळलेली लोणच्याची बरणी. होडीत चढताना तिनं बाकी काही घेतलं नव्हतं. वहिनी रडवेली होऊन म्हणाली, "अहो, देव तसेच राहिले देव्हाऱ्यात." आई बरणी ओट्यावर ठेवत म्हणाली, "देवांना पाण्याची सवय आहे. वाडीचा दत्त दरवर्षी पाण्यात बसतो. लोणच्यात पाणी शिरलं की वर्ष गेलं." मग तिनं झाकणाचं फडकं सोडलं, आत बोट घालून चाखून बघितलं, आणि त्यानंतर ती रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

भाचा तेव्हा तेवीस वर्षांचा. हे सगळं तो दाराशी उभा राहून बघत होता. त्याच हिवाळ्यात त्याच्या ग्रुपनं पुरावरच नाटक बसवलं. त्यानंच लिहिलं, त्यानंच बसवलं. मी तिसऱ्या रांगेत. पहिला अंक ताणलेला होता, तरी मी सावरून बसले. दुसऱ्या अंकात आजी आली. पाणी उंबऱ्याला लागलंय, बाहेरून होडीवाले हाका मारताहेत आणि आजी जागची हलत नाही. मला वाटलं, आता बरणी येणार. मी अक्षरशः श्वास धरला. आजीनं देव्हारा उचलला. मागे आरती सुरू झाली, वरून पिवळा प्रकाश पडला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मला तिथं खोटं वाटलं. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर त्या क्षणी माझ्या जिभेवर होतं.

आत गेले तेव्हा भाचा घामानं निथळत खुर्चीवर बसला होता. त्यानं सगळ्यांच्या आधी माझ्याकडे बघितलं. "आत्या, कसं झालं?" मी त्याच्या हातावर पेढा ठेवला. "छान झालं रे."

त्यानं परत विचारलं, "खरंच?"

"खरंच."

स्पर्धेच्या निकालात त्यांचं नाव कुठंच नव्हतं. त्या संध्याकाळी त्यानं मला गाडीवरून हरिपूरला नेलं. संगमेश्वराच्या मागे, कृष्णा-वारणेच्या संगमावर आम्ही पायरीवर बसलो. नदी इतकी शांत होती, की हिनंच आपली घरं बुडवली यावर विश्वास बसू नये. बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "परीक्षकांनी लिहिलंय, आजीचा प्रसंग ठरावीक वाटतो. तुला बरणी आठवली होती ना?"

मी म्हटलं, "हो."

"मग बोलली का नाहीस?"

मी म्हटलं, "प्रयोग तर होऊन गेला होता. बोलून काय बदललं असतं?" हे खोटं नव्हतं. पण त्यानं जे विचारलं होतं, त्याचं हे उत्तर नव्हतं.

तो म्हणाला, "पहिल्यांदा मी बरणीच लिहिली होती. सगळे म्हणाले, लोक हसतील, देव्हारा घे. मी घेतला. आत्या, परीक्षकांचं सोड. दार तू उघडलं होतंस. तू एकटी सांगू शकत होतीस."

परत येताना हरिपूर रस्त्यावर चिंचांच्या खालून आम्ही दोघंही काही न बोलता आलो. पुढच्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, मग त्याला पुण्यात नोकरी मिळाली. त्यानंतर त्यानं नाटक केलेलं नाही. फोन येतो, दिवाळीला येतो, माझ्याशी नीट वागतो. त्याचं नाटक माझ्यामुळे सुटलं असं मी म्हणत नाही. हजार कारणं असतील. पण रंगपटाचं दार दिसलं की माझे पाय थांबतात.

आता तुम्ही म्हणाल, इतकं काय? वहिनीही हेच म्हणते. आणि पूर्वीची मी तर रोज माझ्याशी भांडते. ती म्हणते, तीन महिन्यांपूर्वी ज्या पोरांनी घरातून घमेल्यानं चिखल उपसला, त्यांच्या तोंडावर चुका मारायच्या होत्या का? खरं सांगायला परीक्षक आहेत, पेपरवाले आहेत. कुणीतरी फक्त पेढा द्यायला नको का? तिचं मला पटतं. त्या रात्री मी ज्या मायेनं गेले होते, ती माया खोटी नव्हती.

पण मग दुसरं मन बोलतं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांचं 'सीतास्वयंवर' इथं सांगलीत झालं, ते इथले संस्थानिक आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयानं, हे दर ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, आपण अभिमानानं सांगतो. १८५१ मध्ये आप्पासाहेब गेले, आश्रय तुटला, आणि १८५३ मध्ये भाव्यांनी मुंबईत तिकीट लावून खेळ केले. एका धन्याची मर्जी असेपर्यंत निभावतं. पैसे मोजून आलेल्या अनोळखी माणसासमोर नाटकाला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं. मी तिकीट काढलं होतं आणि तरी आश्रयदात्यासारखी वागले. पेढा दिला आणि मत गिळलं. बाबांचा पेढा बोलण्याच्या आधीचा होता. माझा बोलण्याच्या ऐवजी आला. हे मनात आलं की मला शरम वाटते. आणि दुसऱ्या दिवशी वाटतं, शरम कसली, पेढाच तर दिला.

गेल्या हिवाळ्यात एक नाटक झालं, कॉलेजच्या मुलांचं. मी व्हरांड्यातच होते. प्रमुख काम करणारी मुलगी रंग न पुसताच पाणी प्यायला बाहेर आली आणि मला म्हणाली, "काकू, आत या ना. सगळे म्हणतात तुम्ही पूर्वी यायच्या." मी पुडा उघडला. आणि या वेळी गप्प राहायचं नाही असं ठरवून म्हटलं, "शेवटचं पत्र तू फार घाईनं वाचलंस. त्यातलं एक वाक्यही मला धरता आलं नाही." तिचा चेहरा उतरला. "हो का," म्हणाली, "आलेच मी, रंग उतरवून." मी थांबले. वॉचमननं बाल्कनीचे दिवे घालवले, मग जिन्यातले. शेवटी तो म्हणाला, "बाई, ती पोरं मागच्या दारानं गेली की टेंपोबरोबर."

पुडा घरी आला. दुसऱ्या दिवशी सकाळी भावाकडे जाऊन आईच्या हातावर पेढा ठेवला. आता तिला दात नाहीत, ती पेढा टाळूला लावून विरघळवते. बराच वेळ लागला. मग तिनं तोंड पुसलं आणि बाबांसारखंच विचारलं, "कुठं डोळा लागला?"

"कुठंच नाही," मी म्हटलं. "दोन तास मी तिच्यावरून नजर काढली नाही."

हे त्या मुलीला सांगायचं राहिलं.