घोड्या मीटिंग घेत नाहीत

मिरियम टेव्जची 'विमेन टॉकिंग' ही कादंबरी काल रात्री संपवली. खरं सांगू का, पहिली चाळीसेक पानं मी वैतागले होते. माळ्यावर गवतात बसून आठ बायका बोलतायत, भांडतायत, मधेच खिदळतायत, पुढे काही घडेचना.

मागची घटना खरी आहे. बोलिव्हियात मॅनिटोबा कॉलनी म्हणून मेनोनाइट ख्रिश्चनांची वस्ती आहे, तिथे २००५ ते २००९ बायका, अगदी लहान पोरीसुद्धा, सकाळी उठायच्या तर अंग ठणकतंय, अंथरुणात रक्त आणि रात्रीचं काही म्हणता काही आठवत नाही. भुताखेताचं असेल, नाहीतर बायकांच्या डोक्यातलं खूळ, असं म्हणून सोडून दिलं. (ओळखीचं वाटतंय ना?) निघाले वस्तीतलेच पुरुष, जनावरांच्या भुलीचं औषध खिडकीतून फवारून आत शिरायचे. २०११ मध्ये सात जणांना २५ वर्षांची शिक्षा झाली आणि औषध पुरवणाऱ्याला साडेबारा.

पण टेव्ज (ती स्वतः कॅनडातल्या मेनोनाइट घरातली) अत्याचार दाखवतच नाही. बाकीचे पुरुष आरोपींच्या जामिनासाठी शहरात गेलेत, तेवढ्या दोन दिवसांत बायकांना ठरवायचंय, गप्प बसायचं, राहून लढायचं की निघून जायचं. लिहिता-वाचता एकीलाही येत नाही म्हणून बैठकीची मिनिट्स, म्हणजे कोण काय बोललं ते, लिहायला एक मास्तर, म्हणजे पुरुषच. बायबलात काय लिहिलंय हे यांना माहीत कसं, तर पुरुषांनी सांगितलं म्हणून! आणि वरून फर्मान की आरोपींना माफ करा नाहीतर स्वर्ग विसरा, त्यावर या विचारतात की जबरदस्तीने केलेली माफी देवाला चालेल का. पुस्तक हातातून खाली ठेवलं मी इथे.

म्हातारी ग्रेटा आपल्या दोन घोड्यांची उदाहरणं देत बसते, रूथ आणि शेरिल. कुत्रा अंगावर आला की त्या मीटिंग नाही घेत, सुटतात सरळ. त्यावर लगेच वाद, आपण काय जनावरं आहोत का!

मग पळणं वेगळं आणि जाणं वेगळं यावर कितीतरी वेळ काथ्याकूट चालते. ते वाचताना मी मनातल्या मनात मराठी करत होते आणि अडकलेच, कारण आपल्याकडे बाई 'पळून गेली' म्हटलं की पुढचा प्रश्न 'कुणाबरोबर?'