चालू साइटवरचा जुना प्लांट काढला : माझा अनुभव

आमच्या साइटवरचा जुना सॉल्व्हंट रिकव्हरी प्लांट (वापरलेलं सॉल्व्हंट शुद्ध करून परत मिळवणारा) शेवटी निघाला, पण एका नायट्रोजन लाइनवरून प्रॉडक्शनवाल्यांनी जो छळ मांडला तो अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितोय. रायगडातल्या एका एमआयडीसीतला बल्क ड्रगचा, म्हणजे औषधांच्या मूळ रसायनांचा कारखाना. जुना प्लांट मधोमध, शेजारी नवीन प्लांट तिन्ही शिफ्ट चालू आणि पाइपरॅक दोघांचा एकच. बजेट, कॉन्ट्रॅक्टर, मॅनेजमेंटची मंजुरी हे सगळं पटापट झालं.

अडलं आयसोलेशनवर, म्हणजे जुना प्लांट चालू लाइनींपासून पूर्ण तोडून वेगळा करण्यावर. ड्रॉइंगमध्ये नायट्रोजनची लाइन जुन्या प्लांटमध्ये येऊन तिथेच संपत होती. मी ड्रॉइंगवर विसंबलो नाही, रिटायरमेंटला आलेल्या एका फिटर काकांना सोबत घेऊन लाइन हाताने धरून चालत गेलो. कॉलमच्या मागे लॅगिंगखालून (पाइपवरच्या उष्णतारोधक आवरणाखालून) एक दीड इंची फाटा निघून थेट नवीन प्लांटच्या रिअ‍ॅक्टरकडे गेला होता. काका म्हणाले, “साहेब, ही ब्रेकडाउनमध्ये टाकलेली, कागदावर कधी आलीच नाही.” म्हणजे लाइन तशीच कापली असती तर नवीन प्लांटचं ब्लँकेटिंग, म्हणजे हवा आत शिरू नये म्हणून ठेवलेला नायट्रोजनचा थर गेला असता, तेही आत टोल्युइनसारखं पटकन पेट घेणारं सॉल्व्हंट असताना.

उपाय सरळ होता, नवीन प्लांटला वेगळा फाटा द्यायचा आणि जुन्या बाजूचा स्पूल (पाइपचा सुटा तुकडा) काढून दोन्ही तोंडांना ब्लाइंड, म्हणजे बंद तबकड्या मारायच्या. त्यासाठी फक्त काही तासांचा शटडाउन हवा होता. तो कोणी देईना. आधी महिनाअखेरचा डिस्पॅच, मग बॅच चालू आहे, मग ऑडिट, आणि दर मीटिंगला तेच, “व्हॉल्व्ह बंद करा ना, शटडाउन कशाला?” आयसोलेशन लिस्टवर सही मागितली की फाइल टेबलावर तशीच पडून राहायची. कॉन्ट्रॅक्टरची माणसं बसून, क्रेनचं भाडं चालू, आणि उशिराचा जाब मलाच.

शेवटी प्लांट हेडना जागेवर घेऊन गेलो. तो व्हॉल्व्ह सगळ्यांसमोर घट्ट बंद केला, पुढच्या ड्रेनला होज लावला आणि त्याचं टोक पाण्याच्या बादलीत बुडवलं. बुडबुडे येतच राहिले, थांबायचं नाव नाही. जुना व्हॉल्व्ह पास होतोच, म्हणजे बंद करूनही गळतो, आणि नायट्रोजनला ना वास ना रंग, व्हेसलमध्ये साठला तर आत उतरलेला माणूस कोसळेपर्यंत कळत नाही. १९८८ मध्ये उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल प्लॅटफॉर्मवर झालेल्या स्फोटाचंही तिथेच सांगितलं, सेफ्टी व्हॉल्व्ह काढलेला पंप, त्या कामाचं परमिट (लेखी परवाना) रात्रीच्या शिफ्टपर्यंत पोचलं नाही, पंप चालू केला गेला आणि १६७ माणसं गेली. त्याच रविवारी शटडाउन मिळाला. त्या बादलीचा मला अजून अभिमान वाटतो, मीटिंगा घेऊन जे झालं नाही ते तिने केलं.

तुमच्याकडे असं काम निघालं तर आयसोलेशन लिस्टवर प्रॉडक्शनची सही टेंडरच्या आधी घ्या, नंतर कोणी विचारत नाही. कापायची जागा स्प्रे पेंटने मार्क करा आणि ज्यावर खूण आहे तेवढंच कापायचं असा नियम ठेवा. चालू लाइनवर ‘कापू नका’ लिहून भागत नाही, एखादी लिहायची राहतेच.

टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ ठिणगीने पेटू शकते) ४ अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे बाराही महिने पेट घेऊ शकतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड, म्हणून गॅस टेस्ट मॅनहोलच्या तोंडाशी न करता तळाशी करा, एलईएल (हवेत वाफ पेट घेण्याइतकी आहे का) आणि ऑक्सिजन दोन्ही बघा. पहिला कट कोल्ड कटच, म्हणजे ठिणगी किंवा ज्वाळा न लावता, गॅस कटर लाइन मोकळी झाल्यावर.

हो, लॅगिंगचं राहिलं. जुन्या लॅगिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस आहे का ते हात लावायच्या आधी तपासून घ्या, असेल तर ओलं करूनच काढा. तो घातक कचरा, २०१६ च्या नियमांनुसार साधारण ९० दिवसांच्या वर साइटवर ठेवता येत नाही, त्यामुळे न्यायची गाडी आणि मॅनिफेस्ट (कचऱ्यासोबत जाणारा नोंदीचा कागद) आधीच ठरवा. फायर हायड्रंटची रिंग आणि केबल ट्रेंच पण चालून बघा, आमच्याकडे नवीन प्लांटच्या रस्त्यावरचे दिवे जुन्या पॅनलवरून निघाले.

आणि भंगाराचा ट्रक गेटबाहेर सोडण्याआधी प्रत्येक पाइपची दोन्ही तोंडं उघडी आहेत ना ते स्वतः बघा. दोन ब्लाइंडच्या मध्ये अडकलेलं टोल्युइन भंगारवाल्याच्या कटरखाली गेलं तर तिथे गॅस टेस्ट करायला कोणी नसतं.