बिलिंग काउंटरवरची मुलगी

रविवार, रात्र

पगार झाल्यानंतरचा पहिला रविवार, त्यामुळे किराण्याच्या मॉलमध्ये रांग पार डाळींच्या रॅकपर्यंत गेलेली. माझ्या पुढचे काका फोनवर कुणालातरी फ्लॅटचा भाव समजावत होते. काउंटरवरच्या मुलीने दोनदा विचारलं, "काका, पिशवी हवीय?" काकांनी तिच्याकडे न बघताच हात हलवला. आता हा हात हो म्हणतोय की नको, ते तिने ओळखायचं! तिने पिशवी दिली नाही. बिल झाल्यावर काका तिच्यावरच डाफरले. ती म्हणाली, "सॉरी काका," आणि पिशवीचे वेगळे बिल केले. काकांचा फोन चालूच.

मग त्यांच्या वांग्यांवर वजनाचा स्टिकरच नव्हता. पोऱ्या वजन करून येईपर्यंत आम्ही सगळे ताटकळत, आणि मागून शेरे तिलाच, "काय ताई, किती वेळ!"

मोबाईल नंबरवरूनही तिलाच ऐकावं लागतं. नंबर द्यायची सक्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच दुकानदारांना सांगितलंय. मी देत नाही. पण "नको, नंबर नाही देणार" एवढं हसून म्हटलं की भागतं. विचारायचा हुकूम वरून आलेला असतो, तिच्याशी वाद घालून काय मिळणार? (काहीजणी मान वर न करता "नंबर?" एवढंच फेकतात, तेही खटकतं. पण संध्याकाळी सात वाजता माझीही मान वर झाली नसती.)

आज खरं लक्ष गेलं ते तिच्या पायांकडे. चपला काढून ठेवलेल्या, एका पायाचा भार दुसऱ्यावर, थोड्या वेळाने उलट. काउंटरमागे स्टूलसुद्धा नाही. केरळात कापडदुकानांतल्या बायकांनी आवाज उठवला, तेव्हा कुठे २०१८ मध्ये बसण्याची सोय कायद्यात आली. तमिळनाडूने २०२१ मध्ये तसाच कायदा केला. बसून स्कॅन केल्याने साखरेचं वजन काही कमी भरत नाही.

माझी पाळी आली तेव्हा तेलाचा कॅन मी उचलला नाही, नुसता बारकोड तिच्याकडे फिरवला. तिने हातातल्या स्कॅनरने टिपला. वरचे तीन रुपये सुट्टे दिले. "बरं झालं काकू, सकाळपासून सुट्ट्यांवरूनच भांडणं चाललीत," म्हणाली. बाहेर पडताना मॅनेजरला स्टुलाचं विचारलं. "वर कळवतो मॅडम," म्हणाला. पुढच्या महिन्यात परत विचारणार आहे.