पाच किलोचं माप आणि ग्रीनिचचा पाना

यंदाही बॉयलर अग्निप्रदीपनाची पत्रिका आली. रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी साखर कारखाना विसरत नाही, म्हणून गेलो. एका संचालकसाहेबांच्या हस्ते सपत्नीक पूजा झाली. भट्टीच्या दाराला हार, नारळ, मग पेटता बोळा आत आणि टाळ्या. सगळे भट्टीकडे बघत होते आणि मी मान वर करून ड्रमच्या गेज ग्लासकडे, म्हणजे आत पाणी किती ते दाखवणाऱ्या काचेकडे. खोड आहे ती, जायची नाही.

शेजारी एक पाहुणे उभे होते. म्हणाले, "एवढी वाफ! फुटला तर काय हो?" म्हटलं, "वाफेचं भय कमी, पाण्याचं जास्त." त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. तेवढ्यात पेढे आले आणि विषय राहिला. तो इथं पुरा करतो.

उघड्यावर पाणी १०० अंशांना उकळतं. बंद भांड्यात दाब वाढला की ते उकळायचं नाव घेत नाही. १० किलो प्रेशरला (आमचा किलो म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवरचा) ड्रममधलं पाणी १८३ अंशांवर असतं आणि तरीही पाणीच असतं, दाबून गप्प बसवलेलं. आता पत्रा फाटला आणि दाब गेला, तर १८३ अंशांवर त्याला पाणी म्हणून राहताच येत नाही. टनामागे साधारण १६० किलो पाण्याची जागच्या जागी वाफ होते. मोकळ्या हवेत ती वाफ दहा बाय दहाच्या नऊ खोल्या भरेल. बॉयलर पायावरून उठतो, छत फोडून जातो, तो या पाण्याच्या जोरावर. आधीपासून वर साठलेल्या वाफेचा वाटा त्यात थोडा. म्हणून तर नव्या बॉयलरची हायड्रॉलिक टेस्ट थंड पाण्यानं दीडपट दाबाला घेतात. त्यात कुठं फाटलंच तर एक चिळकांडी उडते आणि काटा खाली येतो, बस.

घरातला कुकर याच घराण्यातला. देनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसानं १६७९ साली लंडनमध्ये हाडं शिजवायला बंद भांडं केलं, आणि ते फुटू नये म्हणून त्यावर वजनाचा सेफ्टी व्हॉल्व्ह बसवला. आधी स्वयंपाक, इंजिन नंतर! कुकरच्या झाकणावर शिट्टीशिवाय एक बारका व्हॉल्व्ह असतो. पाणी आटून कुकर तापला की त्यातला मऊ धातू वितळतो आणि भोक मोकळं होतं. 'व्हॉल्व्ह गेला' म्हणून आपण वैतागतो. तो गेला म्हणून झाकण जागेवर राहिलं.

माझी सुरुवात कारखान्यात झाली नाही. बॉयलर अटेंडंटची सेकंड क्लासची परीक्षा द्यायच्या आधी मी इचलकरंजीत एका सायझिंगमध्ये हेल्पर होतो. नाव सांगत नाही, आता ते बंदही पडलंय. सुताला द्यायची खळ शिजवायला आणि सूत वाळवायला वाफ लागायची. तिथला बॉयलर जुना, लिव्हरचा सेफ्टी व्हॉल्व्ह असलेला. एक लांब दांडी, टोकाला लोखंडी वजन. प्रेशर ठरलेल्या आकड्यावर गेलं की दांडी उचलून वाफ सुटायची. पहिल्याच आठवड्यात दिसलं की दांडीवर अजून काहीतरी लोंबतंय. जवळ जाऊन बघतो तर किराणा दुकानातलं पाच किलोचं माप, तारेनं बांधलेलं. त्यावर वजनमापवाल्यांचा शिक्कासुद्धा होता.

तात्या फायरमनना विचारलं. ते म्हणाले, "शेठ म्हणतात व्हॉल्व्ह सारखा उडतो, कोळसा फुकट जातो." किती दिवस आहे असं? "मी आलो तेव्हापासून." तात्या तिथं अकरा वर्षं होते.

पुढं फर्स्ट क्लासचा अभ्यास करताना ग्रीनिचची हकीगत वाचली, तेव्हा ते माप डोळ्यापुढं आलं. ८ सप्टेंबर १८०३. रिचर्ड ट्रेव्हिथिक या इंग्रज इंजिनिअरचं हाय प्रेशर इंजिन लंडनजवळ ग्रीनिचला एका गिरणीच्या बांधकामावर चाललं होतं. इंजिनावरचा पोरगा पायाच्या चरात ईल मासे धरायला गेला आणि जाताना इंजिन एका मजुराच्या हवाली केलं. मजुराला ते जास्तच जोरात पळताना दिसलं. त्यानं भिऊन बंद केलं. वाफ सोडायच्या लिव्हरवर एक पाना अडकवून ती दाबून ठेवलेली होती, तो काही त्यानं काढला नाही. इंजिन वाफ खाईना, खाली आग चालूच. थोड्याच वेळात बिडाचा बॉयलर फुटला. तिघं जागीच गेले, चौथा नंतर.

मजुराचं काय चुकलं? इंजिन बंद केलं, हे कुणीही केलं असतं. पाना मात्र त्याच्या आधी कुणीतरी लावलेला होता.

जेम्स वॉटच्या कंपनीनं या स्फोटाचा ट्रेव्हिथिकविरुद्ध भरपूर गवगवा केला. हाय प्रेशर वाईट, आमचं कमी दाबाचं इंजिन बरं, असा धंद्याचा हिशोब. ट्रेव्हिथिकनं काम सोडलं नाही. एकाच्या जागी दोन सेफ्टी व्हॉल्व्ह दिले आणि भट्टीच्या माथ्यावर शिशाचं बूच ठोकलं. पाणी कमी झालं की शिसं वितळून वाफ आगीवर येणार. आज लहान बॉयलरला आपण फ्युजिबल प्लग लावतो, तो हाच. हातात घेतला तर पितळी बोल्टासारखा दिसतो, मध्ये मऊ धातूचा ठिपका.

पाणी कमी होणं हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात साधा रोग. आगीला लागलेल्या पत्र्याच्या पलीकडं पाणी असेल तोवर पत्रा सांभाळला जातो. पाणी उतरलं की तो लाल होतो, मऊ पडतो, आणि आतल्या दाबानं पोटासारखा फुगून फाटतो. पत्र्यावर क्षाराचा जाड थर बसला तरी तेच. पाणी आहे, पण पत्र्याला भेटत नाही. हे सगळं कळायला आपल्याकडं काय असतं? वीतभर काच. आणि ती काच खोटं बोलू शकते. तिचा पाण्याकडचा कॉक गाळानं चोंदला, तर आतलं पाणी आहे तिथंच उभं राहतं, उलट वरून वाफ थंड होऊन त्यात भर पडते. ड्रम रिकामा होत असतो आणि काच अर्धी भरलेली. म्हणून दर पाळीला काच ब्लो करायची. ड्रेन उघडून एकदा नुसती वाफेची बाजू, एकदा नुसती पाण्याची, मग दोन्ही. ड्रेन बंद केला की पाणी टुणकन वर आलं पाहिजे. रेंगाळत आलं तर समजायचं, आत काहीतरी अडलंय. चांगल्या काचेतलं पाणी कधी स्थिर नसतं, कायम थोडं थरथरतं. पाणी अगदी शांत दिसलं की मला घाम फुटायचा.

पाणी कमी दिसल्यावर घाबरून फीड पंप (बॉयलरला पाणी देणारा) चालू करायचा नाही, आधी आग मारायची, हे मला तात्यांनीच शिकवलं. मापाबद्दल मात्र ते कधी काही बोलले नाहीत.

दुसरा रोग ठिगळाचा. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपताना, एप्रिल १८६५ मध्ये, 'सुलताना' नावाची आगबोट मिसिसिपी नदीतून सुटलेले युद्धकैदी घेऊन निघाली. परवाना ३७६ माणसांचा, बोटीवर २,१०० च्या वर. माणशी पैसे सरकार देणार होतं. वाटेत विक्सबर्ग गावी तिच्या एका बॉयलरचा पत्रा फुगून गळत होता. मिस्त्री म्हणाला, पत्रे बदलायला हवेत. त्याला दिवस लागणार आणि तोवर माणसं दुसरी बोट नेणार. कॅप्टननं ठिगळावर भागवलं, तेही मूळ पत्र्यापेक्षा पातळ. २७ एप्रिलला पहाटे दोनच्या सुमारास मेम्फिस शहराच्या वरच्या अंगाला नदीत चारपैकी तीन बॉयलर उडाले. मेले हजारापेक्षा कितीतरी जास्त. नेमका आकडा आजही वादात आहे. लिंकनच्या खुनाला बाराच दिवस झाले होते, वर्तमानपत्रांत या बातमीला जागा उरली नाही. तुरुंगातून जिवंत सुटून घरी निघालेली ती पोरं होती. हे वाचलं की मला पुढचं वाचवत नाही.

तिसरा रोग दिसतच नाही. २० मार्च १९०५, मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉकटनचा ग्रोव्हर बुटांचा कारखाना. नवा बॉयलर कामासाठी बंद होता म्हणून त्या दिवशी जुना पेटवलेला. सकाळी आठच्या सुमारास तो छपरातून वर गेला, चार मजली लाकडी इमारत बसली आणि पेटली. ५८ माणसं गेली. तेव्हाचे बॉयलर पत्र्याची कड कडेवर चढवून रिबीट मारून करत. एकावर एक कड आली की गोल पुरता गोल राहत नाही. दर वेळी प्रेशर चढलं की तो गोल व्हायला बघतो आणि उतरलं की परत बसतो. तार वाकवून वाकवून तोडतो ना आपण, तसा पत्रा त्या जोडाखाली आतून चिरत जातो. त्यात नळकांड्याला लांबीत चिरणारा ताण आडव्याच्या दुप्पट असतो, आणि हा जोड लांबीतच. वरून कड झाकलेली, त्यामुळं इन्स्पेक्टरनं हातोडी वाजवून बघितलं तरी आवाज चांगलाच येतो. या स्फोटानंतर १९०७ साली मॅसॅच्युसेट्सनं बॉयलरचे नियम केले आणि त्यातूनच पुढं अमेरिकन इंजिनिअरांचा एएसएमई कोड आला. आपल्याकडच्या ड्रॉइंगवरही हे नाव असतं.

आपला कायदाही असाच आला. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं गेली आणि १८६४ ला बंगालनं तपासणीचा कायदा केला. मग प्रांताप्रांताचे वेगवेगळे. सगळ्यांचा मिळून १९२३ चा इंडियन बॉयलर्स अ‍ॅक्ट, आणि आता २०२५ चा नवा. सरकारी कागदावर बॉयलरला 'बाष्पक' म्हणतात. आख्ख्या बॉयलर हाऊसमध्ये हा शब्द उच्चारलेला मी ऐकला नाही.

ते माप? एका रविवारी सुट्टीत मी तार कापून ते खाली काढलं आणि कोळशाच्या ढिगामागं टाकलं. सोमवारी परत दांडीवर होतं, नवीन तारेनं. दोन महिन्यांनी मला कारखान्यात नोकरी लागली आणि मी सायझिंग सोडलं. बॉयलर इन्स्पेक्टरला कळवायला हवं होतं. कळवलं नाही. तात्यांची नोकरी जाईल असं तेव्हा मनाला सांगितलं, पण खरं तर मीच घाबरलो होतो. तो बॉयलर फुटला नाही, पुढं भंगारात गेला.

परवा पूजा आटपल्यावर नवीन अटेंडंट पोराला विचारलं, काच बघितलीस का. म्हणाला, "काका, स्क्रीनवर दिसतंय की, पन्नास टक्के." आता ८७ किलोचा बॉयलर, सगळं कंट्रोल रूममध्ये. मी काही बोललो नाही, नुसता वर बघत राहिलो. तो हसला, पेढा तोंडात टाकून जिना चढला. प्रेशर नव्हतंच अजून, बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, नुकतं कुठं धरत होतं. त्यानं ड्रेन उघडला, काच रिकामी झाली, ड्रेन बंद केला. मी खालून मोजत होतो. दोन म्हणायच्या आत पाणी जागेवर आलं.