समईचा आटा

रविवार, आषाढ. फोंडा.

चवथीच्या आधी आईच्या समईचा आटा करून द्यायचा, एवढंच काम होतं. त्या निमित्ताने माझ्या लेथच्या (वस्तू फिरवत ठेवून ती कापायच्या यंत्राच्या) खणात जमवलेल्या सामानाचा हिशेबही लागला.

समई तुकड्यातुकड्यांची असते. बैठकीतला आतला आटा ठणठणीत, पण दांड्याच्या खालचा झिजून गुळगुळीत झालेला. तो कापून टाकून पितळेचा नवा स्टड, म्हणजे आटे पाडलेला खुंट, बसवायचा ठरवला. दांडा ओतीव, हाताने घासलेला, त्यामुळे नेमका गोल कुठेच नाही. लेथवर वस्तू पकडतो तो चक. थ्री जॉ चकचे तिन्ही जबडे एकदम सरकतात, अशा वस्तूला ते काय मध्यावर आणणार? चार जबड्यांच्या डॉग चकचा प्रत्येक जबडा वेगळा हलतो. पितळेला वळ उठू नयेत म्हणून जबड्यांखाली ॲल्युमिनियमच्या पट्ट्या घातल्या आणि डायल गेज (बारीक फरक दाखवणारं काट्याचं माप) लावून दांडा मध्यावर आणला. मोकळं टोक स्टेडी रेस्टमध्ये, म्हणजे आधाराच्या कड्यात, टेकवून भोक पाडलं. नवशिक्याने पहिले पैसे डॉग चक आणि डायल गेजवर घालावेत, असं मला आता ठामपणे वाटतं.

पितळेला सपाट माथ्याचं टूल लागतं. स्टीलचं उतरत्या माथ्याचं लावलं तर ते धातूत घुसतं. मी हायस्पीड स्टीलचा तुकडा ग्राइंडरवर घासून घेतो. कार्बाइडच्या टिपांची पेटीही आहे, पण एवढ्याशा मशीनला त्यांना साजेसा जोर आणि मजबुती नाही. टूल पटकन बदलता येणाऱ्या क्विक चेंज टूल पोस्टचं मात्र कौतुक करावंच लागेल. पूर्वी टूलची उंची जुळवायला पत्र्याचे तुकडे शोधण्यातच संध्याकाळ जायची. आता होल्डरचा नट फिरवला की झालं.

खरी गंमत आट्यात होती. पिच (दोन आट्यांमधलं अंतर) मोजायचं गेज लावून पाहिलं तर इंचाला १२ आटे. माझा लेथ मेट्रिक, आटा पाडताना टूल पुढे सरकवणारा लीड स्क्रू १.५ मिलिमीटर पिचचा. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, म्हणजे १२७ चा पाचवा भाग, म्हणून अचूक इंची आट्यासाठी १२७ दातांचं गिअर हवं, आणि ते या लेथच्या गिअरच्या डब्यात मावत नाही. त्याच्या जवळपास निम्मं, ६३ दातांचं, मी वेगळं घेऊन ठेवलं होतं. ६३ ने ४५ ला फिरवलं की पिच येतो २.१, हवा होता २.११७. दहा मिलिमीटरच्या आट्यात ०.०८ चा फरक. समईला तो कळणारही नाही.

लोक प्लास्टिकची गिअरं काढून लोखंडी बसवतात. मी बसवणार नाही. काही अडकलं तर आधी प्लास्टिकचा दात तुटतो आणि बाकीचं मशीन वाचतं.

आटा खांद्यापर्यंत, म्हणजे स्टड जाड होतो तिथपर्यंत, आणायचा होता. मोटर कितीही हळू केली तरी टूल तिथे आदळेल म्हणून छाती धडधडते. म्हणून स्पिंडलच्या (चक फिरवणाऱ्या दांड्याच्या) मागच्या भोकात फसणारं हँडल बनवलंय: पाइप, चिरलेला बुश, आवळायला बोल्ट. हाताने फिरवायचं, हवं तिथे थांबायचं. शेजारचे काका बार्जच्या यार्डात टर्नर होते. ते डोकावले आणि म्हणाले, "मोटर जळली काय रे?" मग स्वतःच येऊन चार फेरे फिरवून गेले.

स्टड कापून वेगळा करताना (याला पार्टिंग म्हणतात) सॅडलचा, म्हणजे टूल वाहून नेणाऱ्या सरकत्या भागाचा, लॉक कामी आला. माझ्या लेथला तो मुळात नव्हताच. बेडखाली पट्टीचा तुकडा आणि एक बोल्ट, बस्स. पार्टिंगला होणारी थरथर त्याने निम्म्यावर आली. एवढ्या कमी पैशात एवढा फरक विकतच्या कुठल्याच वस्तूने पाडलेला नाही. टूल किती सरकलं ते आकड्यात दाखवणारा डिजिटल रीडआउट बरेच दिवस मनात घोळत होता, तो यंदा रद्द. टूल आडवं सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडचा बॅकलॅश (स्क्रूमधला ढिलेपणा) एकाच बाजूने येऊन सांभाळता येतो.

त्यापेक्षा पावसाचा बंदोबस्त महत्त्वाचा. इथे आषाढात उघड्या बेडवर रात्रीत तांबूस ठिपके येतात. खोबरेल लावा, असं घरातून सुचवलं गेलं, पण ते चिकट होऊन कीस धरून ठेवतं. ६८ ग्रेडचं स्लाइडवे ऑइल, वर जाड कापड.

स्टडला डाख देऊन झाला. उद्या बैठकीत फिरवून बघायचा. आईने दुसरी समईही माळ्यावरून काढून ठेवलीय.