रॉकेल लागलेले शकरपारे

१९९९चा जून संपत आला होता, कारगिलचं युद्ध सुरू होतं. तोलोलिंगचं शिखर १३ जूनलाच परत घेतलं होतं, पण टायगर हिल अजून शत्रूच्या हातात होतं आणि तिथून श्रीनगर-लेह रस्ता स्वच्छ दिसायचा. त्यामुळे आमचे ट्रक झोजिला खिंड ओलांडून द्रासकडे यायचे ते रात्री, दिवे बंद करून. मी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये कॅप्टन होतो. शिधा, इंधन, खेचरं आणि हमाल हे सगळं माझ्याकडे.

वर डोंगरातल्या मोर्च्यांवर चूल पेटवायची सोय नव्हती. धूर दिसला की तोफगोळे यायचे. म्हणून पुऱ्या, चणे, गूळ आणि शकरपारे. आपल्याकडे दिवाळीत करतात ते शंकरपाळेच. जवान तेही थोडेच घ्यायचे. जेवढं खाणं कमी, तेवढी काडतुसं जास्त.

त्या रात्री अकराच्या सुमारास ट्रक आला. अंधारातच पोती उतरली. खेचरं जिथवर जातात तिथवर खेचरांवर आणि पुढे माणसांच्या पाठीवर, पहाट व्हायच्या आत माल वर पोहोचायला हवा होता. द्रासच्याच एका वयस्क हमालानं पोतं पाठीवर घेतलं आणि लगेच खाली ठेवलं. "साब, इसमें मिट्टी का तेल है."

मी हात घातला. शकरपारे ओले, चिकट लागले. जेरीकॅनच्या झाकणाचा वायसर गेला होता आणि झोजिलाच्या वळणांवर रॉकेल झिरपत खालच्या दोन पोत्यांत उतरलं होतं. कॅन आणि खाणं एकाच गाडीत भरायला मीच हो म्हटलं होतं. गाड्या कमी होत्या, हे खरं. पण वर तीन दिवस बर्फ चघळून तहान भागवणाऱ्या पोरांना ते कारण काय सांगणार?

लांगरीला, म्हणजे आमच्या स्वयंपाक्याला, उठवलं. तंबूच्या दाराला घोंगड्या लावल्या, स्टोव्ह पेटवला. तो लाटत होता, मी सुरीनं कापत होतो. माझे तुकडे वेडेवाकडे. आई असती तर परत लाटायला लावलं असतं. बाहेर आपल्या बोफोर्स सुरू होत्या, प्रत्येक बारानं कढईतलं तूप थरथरायचं. दोन वाजेपर्यंत एक पोतंही पुरतं भरलं नाही. उरलेल्या जागेत चणे आणि गूळ भरले.

त्या वयस्क हमाल चाचांनी तोंड बांधायच्या आधी पोत्यात वाकून हुंगलं.

"अब ठीक है," म्हणाले, आणि दोर खांद्यावर घेऊन निघाले.