तिसऱ्या मिनिटाला आरईएम

स्लीप लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून मला ११ वर्षं झाली, घोरणाऱ्यांच्या टेस्ट तर रोजच्याच, पण गेल्या पावसाळ्यात सांगलीकडून आलेली एक पोरगी अजून डोक्यातून जात नाही. बारावीतली. वर्गात झोपते म्हणून चार वर्षं बोलणी खाल्लेली, बाकावर उभं केलेलं, घरच्यांचा देवऋषीपण करून झालेला. वडील म्हणाले, "मॅडम, पोरगी आळशी नाय हो, पहाटं उठून म्हशीचं सगळं करती."

रात्रीच्या टेस्टमध्ये सात तास झोपली, श्वास एकदम व्यवस्थित. दुसऱ्या दिवशी एमएसएलटी, म्हणजे दर दोन तासांनी अंधार करून झोपायला सांगायचं, असं पाच वेळा. पहिल्या डुलकीला मी लाइट घालवून स्क्रीनपाशी येऊन बसते न बसते तोवर ही झोपलीपण. आणि तिसऱ्या मिनिटाला हनुवटीच्या स्नायूंची लाइन सपाट, डोळ्यांच्या दोन्ही लाइनी उलटसुलट उड्या मारायला लागल्या. आरईएम, स्वप्नांची झोप! तुम्हाआम्हाला तिथवर पोचायला साधारण दीड तास लागतो. पाचपैकी चार डुलक्यांत हेच.

दुपारी डबा खाताना वडिलांनी म्हशीचा कसलातरी किस्सा सांगितला, ती खळखळून हसली आणि हसता हसता हातातली भाकरी गळून पडली, जबडा सैल, मान खाली, डोक्यावरच्या वायरी ताटात. मी धावले. दहाएक सेकंदांत सावरली आणि म्हणाली, "ताई, मला सगळं ऐकू येत होतं, फक्त हलता येत नव्हतं." याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. मेंदूत जागं ठेवणारं ओरेक्सिन नावाचं रसायन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात, त्यात तिची काय चूक?

डॉक्टरांनी नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याचा आजार, असं सांगितल्यावर वडिलांनी विचारलं, "आजून कुणाला असतंय का हे?" असतं ना. युरोप-अमेरिकेत लाखामागे साधारण २५ ते ५० जणांना, जपानच्या जुन्या पाहण्यांत तर लाखाला १६० च्या आसपास, इस्रायलमध्ये मात्र फारच कमी. हाँगकाँगला आधी फोनवर प्रश्न विचारले आणि संशय आला त्यांना लॅबमध्ये झोपवून तपासलं, तर लाखाला ३४ निघाले. जीन्सचा फरक आहेच, पण कोण कसं शोधतं यावरपण आकडा हलतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्र ११ कोटींच्या वर होता, लाखाला २५ धरले तरी २८ हजार लोक होतात, आणि माझ्या ११ वर्षांत आलेले दोन हातांच्या बोटांवर मावतील. आपल्याकडे हा आजार थोडा कमी असेलही, पण इतका? मला नाही पटत. बाकीचे कुठेतरी बाकावर उभे असणार.

गोळ्या सुरू झाल्या, दुपारी २० मिनिटं झोपायची परवानगी द्यावी असं डॉक्टरांनी कॉलेजला लिहून दिलं. निघताना तिने त्या तिसऱ्या मिनिटाच्या पानाची प्रिंट मागितली. म्हणाली, "सरांना दाखवते." मी दोन काढून दिल्या.